ऑइल ते ऑइल

पनवेलच्या कोळीवाड्यात आनंदाच्या कानाला मान होता. बाकी माणूस चारचौघांसारखा, उंचीला बेताचा, पोट थोडं सुटलेलं, बोलायला लागला की समोरच्याला मध्ये तोंड घालू न देणारा. पण एखाद्या बोटीचं इंजिन अडलं की उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून त्याला बोलावणं यायचं. तो जेवण सावकाश संपवून, हात पुसत, मुद्दाम थोडा उशीर करून जायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. भोवतीचे खलाशी गप्प. मग आनंदा डोळे उघडून सांगायचा, नोझल गेलाय, नाहीतर रिंग गेली, नाहीतर डिझेलमध्ये पाणी शिरलंय. इंजिन उघडलं की बहुतेक वेळा तेच निघायचं. निघालं नाही तर आनंदा इंजिन बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालायचा.

पनवेलची खाडी गाळानं आणि भरावानं आखडत गेली तेव्हा त्याच्या वयाच्या बऱ्याच जणांनी मोरा गाठला. आनंदानंही उमेदीची वर्षं तिथल्या एका मोठ्या बोटीवर इंजिन सांभाळण्यात काढली. पावसाळ्यात बोट वर ओढली की इंजिनाला नीट झोपवायचं आणि नारळी पुनवेला पुन्हा जागं करायचं, ही त्याची खासियत. जुनं ऑइल काढून टाकायचं, सिलिंडरमध्ये चमचाभर ताजं ऑइल सोडून हातानं फेरे द्यायचे, डिझेलच्या नळीत अडकलेली हवा थेंबाथेंबानं काढायची. हे सगळं तो इतक्या मायेनं करायचा की त्याची बायको गंगाबाई म्हणायची, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर माझे गुडघे दुखले नसते.

ऑइलच्या बाबतीत त्याचं शास्त्र एका ओळीचं होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये थेंब चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "ऑइल ते ऑइल. कालं झालं की बदलायचं." मराठी अक्षरं त्याला दमादमानं वाचता यायची. इंग्रजी अक्षरांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता आणि त्याची त्याला खंतही नव्हती. इंजिन काय इंग्रजीत बोलतं का, असं तो विचारायचा. लोक हसायचे, आणि तो खूश व्हायचा. त्याला घमेंड होती हे उघडच सांगितलेलं बरं. पण ती गोड घमेंड होती, कुणाचं वाकडं न करणारी, असं कोळीवाड्यात सगळे धरून चालले होते.

मुलगा एकच, प्रणित. त्याला मासेमारीत रस नव्हता. तो मोठ्या मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि पहिल्या सफरीवरून परत आल्यावर त्यानं मोटरसायकल घेतली, काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली, पुढच्या चाकाला डिस्कब्रेक. पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलगी पेणकडची, नाव रिया, बारावी झालेली, बोलायला मोकळी. लग्नानंतर काही महिने प्रणित तिला मागे बसवून सगळा मुलूख हिंडला, आणि मग पुन्हा जहाजावर गेला.

ते जहाज परत आलंच नाही. बुडालं नाही, तेवढंच. मालकाचं दिवाळं निघालं, आखातातल्या एका बंदरानं जहाज अडवून ठेवलं आणि माणसांना उतरू दिलं नाही. किनाऱ्यावरचे दिवे दिसतात पण पाय ठेवता येत नाही, असं प्रणित फोनवर सांगायचा. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्यानं, मग जेव्हा कधी दुसऱ्या कुणाच्या कृपेनं फोन चार्ज होईल तेव्हा. अशी चार वर्षं गेली. घरातल्या माणसांनी ती कशी काढली हे त्यांचं त्यांना ठाऊक.

मोटरसायकल ओट्याच्या कोपऱ्यात, बोटीच्या जुन्या ताडपत्रीखाली उभी होती. प्रणित घाईत गेला होता, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून. पहिलं वर्षभर आनंदा दर रविवारी ताडपत्री काढून किक मारायचा आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवून ऐकत बसायचा. गाडी चालवता त्याला येत नव्हती, पण आवाजावर त्याचा हक्क होता. मग एका रविवारी ती चालू झाली नाही. त्याच आठवड्यात जहाजावर प्यायच्या पाण्याचे हाल सुरू झाल्याची बातमी आली. त्या दिवसापासून आनंदानं किक मारणं सोडलं. पुन्हा मारली आणि पुन्हा चालू झाली नाही तर, ही भीती त्यानं कुणाला सांगितली नाही. ताडपत्रीवर धूळ साचली, मांजरीनं दोनदा तिच्याखाली पिल्लं घातली आणि गाडीकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं.

रियानं माहेरी जावं असं तिच्या आईचं म्हणणं होतं. ती गेली नाही. विचुंब्याला नव्या सोसायट्यांमधल्या एका बालवाडीत ती शिकवायला लागली. सकाळी गंगाबाई टोपली घेऊन बाजाराला निघायची, रिया रिक्षानं विचुंब्याला, आणि आनंदा दोघींच्या पाठीमागे दार लावून घ्यायचा. संध्याकाळी सून आणि सासरा ओट्यावर बसायचे. तो तिला इंजिनाच्या गोष्टी सांगायचा, ती ऐकायची, आणि खोटं वाटलं की तोंडावर सांगायची. असं सांगणारी ती घरात पहिलीच. आनंदाला तिचा राग यायचा नाही, उलट गंमत वाटायची. प्रणितची आठवण दोघंही काढायचे नाहीत. तरी दोघं त्याचीच वाट बघत बसलेले असायचे.

आणि एका दुपारी फोन आला की सुटलो, महिन्याभरात घरी येतो.

गंगाबाई भर बाजारात रडली. रियानं देवापुढे दिवा लावला. आनंदानं ताडपत्री काढली.

त्याच संध्याकाळी विचुंब्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारा गणू घरावरून चालला होता. गाडी बघून तो थांबला, टायर दाबून पाहिले, टाकीचं झाकण उघडून नाक मुरडलं आणि म्हणाला की काका, ही माझ्याकडे ढकलत आणा. एवढी वर्षं उभी गाडी आहे, पेट्रोल कुजलंय, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, सगळं बदलावं लागेल. गणू काही चुकीचं बोलला नाही. पनवेलमध्ये सगळे तसंच म्हणतात. पण ब्रेक ऑइल हे दोन शब्द आनंदाच्या कानात गेले आणि तिथंच राहिले. ऑइलच ना, तो म्हणाला, मग ते मी बदलीन. पोराची गाडी आहे, दुसऱ्याच्या हातात कशाला देऊ.

मग त्यानं ओट्यावर पोतं अंथरलं आणि कामाला बसला. जेवायला उठायचा तेवढंच.

टाकीतलं पेट्रोल आंबट वासाचं, पिवळट आणि चिकट झालं होतं. ते त्यानं काढलं, टाकीत मूठभर बारीक खडे आणि रॉकेल घालून ती खळखळून हलवली, गंज निघेपर्यंत. कार्बोरेटरच्या भोकांत मधासारखी राळ बसली होती, ती तारेनं आणि फुंकरीनं साफ केली. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी हलक्या हातानं इंजिन फिरवलं, बोटीच्या इंजिनासारखंच. आतून खरखर आली नाही तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते रियानं फोनमध्ये टिपून ठेवलं. खालचा नट काढून जुनं इंजिन ऑइल सोडलं, ते डांबरासारखं आलं. नवीन भरलं. बॅटरीत जीव राहिला नव्हता, ती बदलली. पुढचे शॉकअप कोरडे पडले होते. त्यांच्यासाठी आनंदानं घरातला एक डबा काढला. बोटीवर जाळं ओढायला विंच असतो, त्याचं ऑइल, अर्धा डबा शिल्लक राहिलेलं, स्वच्छ आणि सोनेरी. ते शॉकअपमध्ये घातलं आणि गाडीचा पुढचा भाग दाबून बघितला. झकास वर आला. इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

शेवटी ब्रेक राहिला.

बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर इंजिनाचा जोर कमी करायचा, गरज पडली तर उलटा गिअर टाकायचा, बाकी पाणी थांबवतं. सगळा जन्म इंजिनात घालवलेल्या आनंदानं ब्रेक उघडून पाहिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पण तो डगमगला नाही. हँडलजवळ छोटी डबी, डबीत ऑइल, तिथून नळी खाली चाकापर्यंत. ब्रेकची मूठ दाबली की ऑइलचा दाब खाली जातो आणि चकती आवळली जाते. विंचही असाच दाबावर चालतो. म्हणजे ह्याला ऑइल लागणार ते विंचचंच, इंजिनाचं नाही. त्याचं डोकं सरळ चाललं होतं, हेच वाईट.

रिया बालवाडीतून आली होती. उन्हं उतरली होती, म्हणून तिनं फोनचा टॉर्च धरला. आनंदानं डबीवरची धूळ अंगठ्यानं पुसली तशी झाकणावर उमटलेली इंग्रजी अक्षरं दिसली. रिया वाकून वाचायला लागली. पोरांना शिकवून तिला सवयच लागली होती, दिसेल ते मोठ्यानं वाचायची.

"बाबा, ह्याच्यावर लिहिलंय, फक्त ब्रेक फ्लुइड वापरा. बंद डब्यातलं. डॉट तीन नाहीतर चार."

"फ्लुइड म्हंजे काय?"

"म्हणजे द्रव. पातळ काहीतरी."

"मग ऑइल काय घट्ट असतं?" आनंदा म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

रियाही हसली. पण टॉर्च तसाच झाकणावर धरून ती पुन्हा म्हणाली, "पण फक्त तेच, असं लिहिलंय बाबा. गणूदादांना फोन करून विचारू का?"

"गनूला? गनू उघडा फिरत व्हता तवापासून मी ऑइल बदलतोय. ऑइल ते ऑइल. तू टॉर्च इकडं धर, मास्तरीन."

मास्तरीण म्हटल्यावर ती पुन्हा हसली आणि तिनं टॉर्च तिकडं वळवला. कितीही मोकळी असली तरी ती सून होती. सासऱ्याला तिसऱ्यांदा सांगायचं नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आनंदानं सुईच्या पिचकारीनं डबीतलं तपकिरी, चहासारखं झालेलं जुनं पाणी ओढून काढलं, विंचचं ऑइल भरलं, खाली चाकाजवळची निपल ढिली केली आणि मूठ दाबत दाबत, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत, स्वच्छ सोनेरी थेंब येईपर्यंत ते खाली उतरवलं. डिझेलच्या नळीतली हवा काढावी तसंच. मग झाकण लावलं. मूठ दाबून बघितली. ब्रेक कडक आणि नेमका लागला. गंगाबाईनं हळद-कुंकू आणलं, रियानं गाडीला लावलं, नारळ फोडला, आणि आनंदानं किक मारली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली तेव्हा तो ओट्याच्या खांबाला टेकून रडला आणि धूर डोळ्यांत गेला म्हणाला.

प्रणित आला. अंगानं अर्धा झाला होता, दाढी वाढलेली, जमिनीवर चालताना पाय जरा फाकवून टाकायचा. जेवायला वाढलं की ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवायचा, उद्यासाठी. कुणी मोठ्यानं बोललं तर उठून आत जायचा. रिया त्याच्याजवळ नुसती बसून राहायची, काही विचारायची नाही. आनंदाला मात्र धीर नव्हता. त्याला पोरगा पूर्वीसारखा हवा होता आणि तोही लगेच. गाडी काढ, तो रोज म्हणायचा, अरे तुझ्यासाठी केलीय, एक चक्कर तर मार. प्रणित म्हणायचा की हाताची सवय गेली, नंतर बघू. शेवटी बापाचं मन मोडवेना म्हणून त्यानं गाडी काढली. कोळीवाड्यातून उरण नाक्यापर्यंत गेला आणि आला. उतरला तेव्हा खूप दिवसांनी हसत होता. आनंदा त्या दिवशी अख्ख्या आळीत सांगत फिरला.

मग रोज थोडी थोडी चक्कर व्हायला लागली. दोनेक आठवड्यांनी एकदा प्रणित म्हणाला की पुढचा ब्रेक जरा आवळल्यासारखा वाटतो, सोडला तरी गाडी मोकळी पळत नाही. नवीन ऑइल आहे, आनंदा म्हणाला, कडक असणारच, वापरून सैल पडेल. प्रणितला इंजिनांची माहिती होती, पण बापानं सांगितल्यावर तो विषय संपला.

गणपतीच्या आधी रियाला माहेरी सोडायला दोघं पेणला निघाली. रियानं हिरवी साडी नेसली होती आणि पिशवीत आईसाठी सुकट घेतली होती. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो तिथं नेहमीची गर्दी होती. प्रणित दर थोड्या अंतरावर ब्रेक दाबत होता, आणि दर वेळी ब्रेक थोडा अधिक तापून आवळत होता. वळणावर एक रिक्षा मध्ये आली म्हणून त्यानं मूठ दाबली आणि सोडली. मूठ सुटली, ब्रेक सुटला नाही. पुढचं चाक जागच्या जागी जाम झालं. प्रणित डावीकडे मातीत पडला, रिया उजवीकडे रस्त्यावर. मागून कंटेनरचा ट्रेलर येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं जेवढं करता येईल तेवढं केलं. रिया जागच्या जागी गेली.

प्रणितचा खांदा मोडला. पोलिसांनी त्याच्यावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, कारण गाडी तो चालवत होता आणि तो स्वतःच म्हणत होता की चूक माझी. चार वर्षं गाडीला हात लावला नव्हता, हातांना कळलं नाही, पुढचा ब्रेक जोरात दाबला. पोलिसांना हेच सांगितलं, सासूसासऱ्यांना हेच सांगितलं. रियाच्या आईनं त्याच्या तोंडावर सांगितलं की तू समुद्रातच राहिला असतास तर माझी पोर जगली असती. त्यानं मान हलवली, जणू त्यालाही ते पटलं होतं. बारावं झालं, तेरावं झालं, गणपती आले नि गेले, घरात मूर्ती आणली नाही. प्रणित खांदा बांधून बंदरावर जाऊन बसायचा. रात्री झोपायचा नाही. त्याच्या आईला तो पुन्हा पुन्हा एकच सांगायचा, मीच मारलं तिला.

आनंदाच्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. तोही बाकीच्यांसारखा दैवाला दोष देत होता.

दिवाळीनंतर कोर्टाचे कागद होऊन गाडी सुटली. ती पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडून होती. आनंदानं ती टेम्पोत घालून गणूच्या गॅरेजला नेली. विकून टाकायची होती. गणूनं पुढचं चाक फिरवायचा प्रयत्न केला, फिरेना. त्यानं ब्रेकच्या डबीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. मग आतलं रबर चिमट्यानं ओढून बाहेर काढलं. ते पाण्यात भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं.

"काका, ह्यात ऑइल कुणी घातलं?"

आनंदा म्हणाला, "ब्रेक ऑइलच ना ते?"

"म्हणायचं ऑइल. ऑइल नसतंच ते, नाव तेवढं पडलंय. खरं ऑइल घातलं की रबर फुगतं. आधी छान चालतं, मग हळूहळू दाब परत सुटेनासा होतो. तापलं की आवळतो, आणि चाक जाम." गणू बोलत असतानाच त्याला उलगडलं असावं, कारण तो एकदम थांबला. फडक्यानं हात पुसत, आनंदाकडे न बघता तो हलक्या आवाजात म्हणाला की हे पोलिसांना सांगितलं तर प्रणितची केस हलकी होईल, मी लिहून देतो. आनंदा म्हणाला, सांगतो.

सांगितलं नाही. घरी आला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि ओट्यावर त्या जागी बसायचं सोडून आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. गंगाबाईला वाटलं ताप आलाय. गाडी गणूकडेच राहिली. आनंदा मोऱ्याला जायचा बंद झाला. बोलावणं आलं तर कान गेला म्हणून सांगायचा. रोज सकाळी ठरवायचा, आज प्रणितला सांगू. जेवायच्या वेळी पोरगा समोर बसायचा, ताटातलं अर्धं बाजूला काढायचा, आणि आनंदा जेवण अर्धवट टाकून उठायचा. सगळं गेलंय, आता उरलेला एकच माणूस, त्याच्या नजरेतून उतरायचं त्याच्यानं होत नव्हतं. भ्याला होता तो. दुसरा शब्द नाही त्याला.

आणि मग एके दुपारी गंगाबाई बाजारातून लवकर आली. टोपली तशीच दारात ठेवून ती आनंदासमोर बसली. प्रणितनं आपले सगळे चांगले कपडे चुलतभावाला देऊन टाकले होते. बंदरावर जाताना आईला जवळ घेऊन म्हणाला होता की गुडघ्याचं औषध वेळेवर घेत जा. एवढं सांगून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"पोर जानार माझं," ती म्हणाली. "तुमी बाप हाव, कायतरी करा."

आनंदा चपला न घालता निघाला.

बंदरावर भरती चढत होती. प्रणित कडेच्या दगडावर, पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसला होता. आनंदा त्याच्या शेजारी जाऊन बसला. मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, "ती तू नाय मारलीस."

प्रणितनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. असं बोलणारे खूप येऊन गेले होते. पण आनंदानं पुढे बोलायला सुरुवात केली. विंचच्या डब्याचं सांगितलं. पिचकारीचं सांगितलं. गणूनं काढून दाखवलेलं फुगलेलं रबर, तापून आवळणारा ब्रेक, सगळं अगदी एखाद्या इंजिनाचा बिघाड समजावून सांगावा तसं, क्रमानं. तूच बोलला होतास ब्रेक आवळतो, आणि मीच म्हटलं कडक असणारच, हेही सांगितलं. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून देणार म्हणाला.

प्रणित हळूहळू त्याच्याकडे वळला. "म्हंजे माजे हात चुकले नव्हते?"

"नाय रं. तुजे हात बराबर व्हते."

प्रणितनं दोन्ही हात वर करून बघितले आणि तो रडायला लागला. रियाला नेलं त्या दिवशी रडला नव्हता, आज रडला, मोठ्यानं, बायकांसारखा, कुणी बघतंय याची पर्वा न करता. आनंदा नुसता बसून होता. त्याच्या मनाची तयारी शिव्यांची होती, तोंडात मारून घेण्याची होती. तसं काहीच झालं नाही. रडं ओसरल्यावर प्रणितनं पाय पाण्याकडून वळवून आत घेतले आणि आपला बरा असलेला हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुमी काय मुद्दाम केलंत बाबा," तो म्हणाला. "तुमाला कुठं वाचता येतं झाकनावरचं. तिथं कोन वाचनारं असतं तर झालं नसतं."

आनंदानं इथं गप्प बसायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पोर पाण्यापासून मागे फिरलं होतं. त्यानं बापाला माफ केलं होतं, मागायच्याही आधी. गुडघ्यावरचा हात उबदार होता आणि किती तरी वर्षांनी तो तिथं आला होता. घरी जाऊन गंगाबाईला भात टाकायला सांगायचं, एवढंच काय ते उरलं होतं. पण तिथं कोण असतं तर, हे शब्द त्याच्या कानात गेले आणि आनंदाला रिया दिसली, हिरवी साडी नेसलेली नव्हे, बालवाडीतून आलेली, वाकून टॉर्च धरलेली. तो गप्प बसला असता तर ती तिथं नव्हतीच, असं कायमचं ठरलं असतं. तिला तो एकदा हसला होता. आता दुसऱ्यांदा तिचं तोंड बंद करायचं त्याच्यानं झालं नाही.

"रिया व्हती," तो म्हणाला. "तिनं वाचलं. फक्त तेच घाला लिवलंय बोलली. दोनदा बोलली. गनूला फोन करू का इचारलं. मी हसलो तिला."

प्रणितचा हात लगेच उचलला गेला नाही. तो गुडघ्यावर होता तसाच राहिला, पण त्यातलं वजन गेलं. खाडीत एक होडी आत येत होती, तिच्या इंजिनाचा आवाज जवळ आला आणि बंद झाला. मग प्रणितनं हात काढून घेतला. तो उठला, चपला पायात सरकवल्या. बापाकडे त्यानं पाहिलं नाही.

आनंदानं मान वळवून तो कुठल्या बाजूला जातो तेवढं बघितलं. प्रणित पाण्याकडे गेला नाही. कोळीवाड्याच्या रस्त्याला लागला, घराकडे, आईकडे. तो वळणाआड जाईपर्यंत आनंदा बघत राहिला, आणि मग तिथंच बसला, कारण त्या घरात आता त्याला जायचं नव्हतं.